व्हाळवाडीचा बांध कुणी फोडला?

व्हाळवाडी, पेडणे
२० नोव्हेंबर १९८६

तीर्थरूप दादास पद्मावतीचा नमस्कार.

निवृत्त झाल्यापासून साखळीहून तुझी एक ओळ नाही. तीस वर्षं पोरांना नागरिकशास्त्र शिकवून हात दुखले असतील असं समजून मी गप्प बसले. आता काम आहे म्हणून लिहिते, उगाच गोड बोलत नाही.

आमच्या व्हाळाला दर दिवाळीनंतर वाडीतले बापये, सगळे पुरुष मिळून, मातीचा बांध घालतात. तू माझ्या लग्नानंतर एकदाच इथे आलास, तोही भर पावसात, म्हणून सांगते. खुंट ठोकायचे, मध्ये झावळ्या नि तण भरायचं, वर चिखल थापायचा. ओढ्याच्या अडलेल्या पाण्यावर आमची वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, होते. मे संपता संपता तो बांध आपणच फोडून टाकायचा, नाहीतर पुराचं पाणी घरांत शिरतं. सासूबाईंच्या सासूबाईंपासून हे असंच चाललंय.

यंदा तुळशीचं लग्नही होऊन गेलं तरी एक माणूस व्हाळात उतरलेला नाही. आमचा पंच जयराम सांगत सुटलाय, "सरकार सिमिटाचो बांध घालतला, तुमी कित्याक चिखलांत हात घालतात?" झालं. बापयांना तेवढंच हवं होतं. डिसेंबरात पाणी अडलं नाही तर तरवा, भाताची रोपं, लावायची कशात? घरचा वर्षाचा तांदूळ या एका शेतातून येतो. हे खनिजाच्या बार्जीवर नोकरीला असतात, महिन्यातून दोनदा घरी. त्यांना विचारलं तर म्हणाले, "तुज्या भावाक बरय."

भावाला लिही म्हणाले, म्हणून लिहिते. आमच्या वाडीला वीज आली ती तुझ्या अर्जाने, हे इथे अजून सगळे सांगतात. आता एक अर्ज लिही. सरकारने बांध घालावा, नाहीतर घालणार नाही असं लेखी कळवावं, म्हणजे आमचे बापये तरी हलतील.

वहिनीला नमस्कार.

तुझी
पद्मा


साखळी
२ डिसेंबर १९८६

प्रिय समान पद्मावती,

"चिरंजीव" आणि "आशीर्वाद" न लिहिण्याचं कारण आधी सांगतो, म्हणजे गैरसमज नको. आशीर्वाद वरून खाली येतो. जे जे वरून खाली येतं, ते सारं मी गेल्या गणेशचतुर्थीपासून सोडलं आहे. मी आता अराज्यवादी आहे.

घाबरू नकोस. लोक समजतात की अराज्य म्हणजे अंदाधुंदी, चोऱ्यामाऱ्या. तसं नव्हे. अराज्य म्हणजे कुणी कुणाचा मालक नाही. माणसं आपापसांत ठरवतात नि करतात. सध्या सारा गोवा दोन गोष्टींसाठी ओरडतो आहे, भाषा कुठली आणि घटक राज्य कधी. राज्य हवंच कशाला, हे विचारणारा आख्ख्या डिचोली तालुक्यात मी एकटा आहे. तीस वर्षं मी पोरांकडून "नागरिकाची कर्तव्ये" घोकून घेतली, त्याचं हे प्रायश्चित्त समज.

अर्ज मी लिहिणार नाही. अर्ज करणं म्हणजे समोरचा मालक आहे हे कबूल करणं. तुला अर्जाची गरजही नाही. आपल्या पूर्वजांची गावकरी ही जुनी गावसंस्था आठव. पोर्तुगीज यायच्या आधी गावातली शेतं, बांध, देऊळ, सगळं गावच चालवत होता. मंत्री नव्हता, इंजिनिअर नव्हता. तुमचा बांध हा तर अराज्याचा जिवंत नमुना आहे! तो सरकारच्या हाती देऊ नका. हे पत्र देवळात सर्वांना वाचून दाखव. आज्ञा कुणाची पाळू नका, आपल्या मर्जीने एकत्र या, एवढंच माझं सांगणं.

तुझा समान
कृष्णनाथ

ता. क. पद्माबाय, मी भाग्यलक्ष्मी. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलंय म्हणून खाली लिहिते. ह्यांनी "मुक्त मंडळ" काढलंय. दर रविवारी ओसरीवर नऊजण जमतात. अध्यक्ष नाही, चिटणीस नाही, कुणावर कुणाची सत्ता नाही. चहा तेवढा मी करते. गेल्या रविवारी मीही माझ्या मर्जीने माहेरी गेले, तर संध्याकाळी हे विचारतात, कुणाला विचारून गेलीस?


व्हाळवाडी, पेडणे
१५ डिसेंबर १९८६

तीर्थरूप दादास,

मी नमस्कारच लिहिणार. खालून वर गेलेलं तुला चालत नसेल तर परत पाठव. आणि भाऊबीज वरून खाली येते की समान असते, तेही एकदा कळव.

तुझं पत्र सोमवारी देवळात वाचलं. तुझी आज्ञा पाळली म्हण. असा आनंद मी आमच्या बापयांच्या तोंडावर बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. "आज्ञा कुणाची पाळू नका" ही ओळ त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग जयराम उठला आणि म्हणाला, "पद्माच्या भावान बरां लिवलां. बांधार चला म्हणून सांगप हीय आज्ञाच न्ही?" सगळे हसत हसत आपल्या मर्जीने घरी गेले. आधी त्यांच्याकडे नुसता आळस होता, आता तू त्याला तत्त्व दिलंस.

गावकरीचं तू मला सांगू नकोस. तू पुस्तकात वाचलीस, मी तिच्यात नांदले. गावकरीत ठरवायचे कोण? देवळाच्या पायरीवर बसणारे दहा-बारा पुरुष. आमचं घर त्यांत नव्हतं आणि बाई तर कुठल्याच घरातली नव्हती. ते पायरीवर बसून ठरवायचे नि आम्ही चिखलात उभ्या. त्यांना मंत्री म्हणत नसत, एवढाच फरक. सरकार वाईट असेल, पण त्याच्या कचेरीला एक खिडकी असते. तिथे जाऊन मी भांडू शकते. रीत आडवी आली तर कुठल्या खिडकीत जाऊ, सांग.

आणि असं समजू नकोस की मला सरकारचं प्रेम आहे. मला पाणी हवं आहे. ते मंत्र्याने दिलं काय, तुझ्या अराज्याने दिलं काय, भाताला कळत नाही.

काल देवकी आली होती. शेजारच्या शेताची ती. म्हणाली, "पद्मा, बापये येना जाल्यार आमी उतरूंया?" मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. खुंट ठोकणं बाईचं काम नाही, असं इथे मानतात. बघते.

पद्मा


साखळी
२८ डिसेंबर १९८६

प्रिय समान पद्मावती,

पोस्ट बंद होतं म्हणून उशीर. तुमच्याकडेही भाषेवरून दंगाधोपा झालाच असेल. इथे तीन दिवस बस नाही, बाजार बंद, ठिकठिकाणी रस्त्यावर झाडं आडवी. कचेऱ्यांना कुलपं. म्हणजे, पद्मा, तीन दिवस साखळीत सरकार नव्हतं! मी मुद्दाम निरीक्षण केलं. आणि काय पाहिलं? सकाळी साडेसहाला पोदेर आला. सायकलवर टोपली, भोंपू वाजवत, रोजच्यासारखे गरम पाव. कुणी त्याला हुकूम केला नव्हता. लोकांना पाव हवा होता, त्याला विकायचा होता. माझं सारं तत्त्वज्ञान त्या टोपलीत होतं.

मुक्त मंडळाची मात्र थोडी पुनर्रचना झाली आहे. आम्ही जाहीरनामा काढायचं ठरवलं. तो मराठीत की कोकणीत यावरून चौघे इकडे, चौघे तिकडे गेले. सरकार नको यावर सगळ्यांचं अजून एकमत आहे, फक्त ते कुठल्या भाषेत नको यावर नाही. मी मध्ये राहिलो. घरात आपण कोकणी बोलतो, पत्रं मराठीत लिहितो आणि भांडण दोन्हीतून करतो, यात अडचण कुठे आहे ते मला कळलं नाही, असं मी म्हणालो. त्यावर आठहीजण पहिल्यांदा एक झाले आणि माझ्यावर तुटून पडले.

गावकरीविषयी तू लिहिलंस त्यावर विचार करतो आहे. बांधाचं काय झालं, कळव. तुझ्या शेताची काळजी लागून राहिली आहे.

तुझा समान
कृष्णनाथ

ता. क. पद्माबाय, त्या तीन दिवसांत हे दर तासाला गॅलरीत जाऊन विचारत होते, "पोलीस अजून कसे आले नाहीत?" दुसरं म्हणजे, परवा डायनिंग टेबलावर शब्दकोश घेऊन पाच पानं काहीतरी लिहिलं, तीन कार्बन लावून. मला दाखवलं नाही. मी चहा ठेवताना शेवटची ओळ वाचली, "आपला आज्ञाधारक". बहुतेक पेन्शनीचं असावं.


व्हाळवाडी, पेडणे
१८ जानेवारी १९८७

तीर्थरूप दादास पद्मावतीचा नमस्कार.

बांध झाला. आम्हीच घातला.

तुला पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी देवकी टोपली घेऊन व्हाळात उतरली. मला बोलावलंसुद्धा नाही. ती एकटी चिखल काढतेय हे बघून मला घरात बसवेना. दुपारपर्यंत सातजणी होतो, तिसऱ्या दिवशी सतरा. सात दिवस लागले. पहिला खुंट वाकडा गेला, दुसरा माझ्या पायावर पडला, अंगठ्याचं नख गेलं. देवकी म्हणाली, "नखां परत येता, तरवो येना." मग आम्ही घण फिरवायला शिकलो.

मुख्य कोण होती, असं तू विचारशील. कुणीच नव्हती. ठरवायला वेळच नव्हता. जिला जे येत होतं ते तिने केलं, जिला काहीच येत नव्हतं तिने डाळ-भात आणला. भांडणं भरपूर झाली. दोघी अजून बोलत नाहीत, पण टोपली एकमेकींच्या हातात देत होत्या.

पाणी सोडायला बाबली बसलाय, नेहमीसारखा. त्याची ती भोक पाडलेली नारळाची करटी पाण्यात तरंगत ठेवायची, ती भरून बुडाली की एका शेताची पाळी संपली. त्याला कुणी नेमलेलं नाही. तू म्हणशील, हे बघ अराज्य. तर ऐक, त्याच्या मेहुण्याच्या पाळीला करटीचं भोक बारीक होतं. मी करटी उचलून बघितली आणि चारचौघांत बोलले, तेव्हापासून सरळ आहे. म्हणजे मालक नसला तरी कुणीतरी भोक बघत राहायला लागतं, हे तुझ्या पुस्तकात नसेल तर लिहून ठेव.

लावणी झाली. शेत हिरवं आहे. मला फार बरं वाटतंय, दादा.

पद्मा


साखळी
१२ फेब्रुवारी १९८७

प्रिय पद्मावती,

तुझं पत्र मी ओसरीवर मोठ्याने वाचलं. ऐकायला मंडळात कुणी उरलेलं नाही, म्हणून भाग्यलक्ष्मीला वाचून दाखवलं. तू आणि देवकीने जे केलंत त्यावर मी एक पुस्तिका लिहिणार आहे. त्यासाठी कृपया कळव: कामाचा ठराव कुठल्या तारखेला झाला? नेतृत्व कुणाचं? सभासदांची यादी मिळेल का?

इथे भाषेचा कायदा झाला. दोन्ही बाजू आपण जिंकलो म्हणून फटाके वाजवतात आणि आपल्याला फसवलं म्हणून रडतात.

एक विचारायचं होतं. तुमच्या वाडीत कुणी सरकारी माणूस आला होता का? सहज विचारतो.

कृष्णनाथ

ता. क. ह्यांना पणजीहून शिक्क्याचं पत्र आलं. पेन्शनीचं नव्हे. वाचल्यापासून चेहरा पडलाय नि जेवताना भात चिवडत बसतात. विचारलं तर म्हणतात, सरकार फार कार्यक्षम झालंय.


व्हाळवाडी, पेडणे
११ मार्च १९८७

दादा,

नमस्कार नंतर. आधी हे वाच.

परवा सकाळी व्हाळाकाठी एक बुलडोझर, एक कंत्राटदार आणि ज्युनिअर इंजिनिअर उभे. इंजिनिअर कोवळा आहे, नोकरीला लागून वर्षही झालं नसेल. म्हणाला, सिमेंटचा बंधारा मंजूर झालाय, पाया घालायला व्हाळ कोरडा हवा, तेव्हा हा मातीचा बांध आज काढायचा. मी म्हटलं, भात पोटरीतून बाहेर पडलंय, कणसात दूध भरतंय, तीन आठवडे पाणी तोडलं तर सगळा भुसा होईल. महिनाभराने ये. तर म्हणतो, "मावशी, महिनाभराने कसं येऊ? एकतीस मार्चच्या आत काम पुरं झालं पाहिजे, नाहीतर मंजुरी परत जाते."

आम्ही सतराजणी बांधावर जाऊन बसलो. बुलडोझरवाला आमच्या पलीकडच्या गावातलाच, त्याने इंजिन बंद केलं नि बिडी पेटवली. मग इंजिनिअर रडकुंडीला येऊन म्हणाला, "अहो, पण तुमच्याच वाडीचा अर्ज आहे!" आणि त्याने फाइल उघडून दाखवली.

पाच पानं. "जलाविना भूमी ही मातेविना बालकासारखी आक्रंदत असून" अशी सुरुवात करणारा माणूस साऱ्या गोव्यात एकच आहे. व्हाळवाडीच्या समस्त शेतकऱ्यांच्या वतीने. आपला आज्ञाधारक.

मला तोंडावर आज्ञा पाळू नका सांगितलंस आणि पाठीमागून आज्ञाधारक झालास? मी मागितला तेव्हा दिला नाहीस. नको झाला तेव्हा आला, बुलडोझर घेऊन! आमच्या वतीने लिहिताना आम्हाला एका कार्डाने विचारायचं होतं. मंत्री विचारत नाहीत म्हणून तू त्यांना सोडलंस ना?

आम्ही पाळीपाळीने बांधावर बसतो आहोत. भात अजून उभं आहे. किती दिवस राहील ठाऊक नाही.

पद्मा


साखळी
१५ मार्च १९८७

पद्मा,

मीच लिहिला.

त्या बंदच्या दिवसांत तुझं पंधरा तारखेचं पत्र हातात होतं. बाहेर सरकार नव्हतं आणि मी आनंदात होतो. तरीही सारखं डोळ्यांसमोर यायचं की तुझं शेत कोरडं पडलंय आणि मी इथे पोदेर मोजतोय. मला खुंट ठोकता येत नाही. मला एकच काम येतं, ते म्हणजे अर्ज. तो मी लिहिला. तुला सांगायची लाज वाटली. इतकी पानं तत्त्वज्ञान लिहून झाल्यावर कुठल्या तोंडाने सांगणार होतो? तुझा बांध झाल्याचं पत्र आलं तेव्हा अर्ज मागे घ्यायला हवा होता. वाटलं, सरकारच आहे, दहा वर्षं तरी काही करणार नाही. सरकारवर एवढा विश्वास मी ठेवायला नको होता.

काल पणजीला गेलो होतो. अर्ज मागे घेतो म्हणालो. तिथला कारकून म्हणाला, त्यासाठी अर्ज करा. केला. तो एकतीस मार्चनंतर विचारात घेतला जाईल.

मी चुकलो. मला रागावून का होईना, पण लिही.

कृष्णनाथ


व्हाळवाडी, पेडणे
१४ एप्रिल १९८७

तीर्थरूप दादास पद्मावतीचा नमस्कार.

भात कापून झालं. झोडून घरात आलं. यंदाचा तांदूळ आहे, बायो. पुढच्या आठवड्यात हे साखळीच्या बाजूला येतील त्यांच्याबरोबर दोन पायली पाठवते. अशा आनंदात मी तुला, बाईमाणसाला म्हणावं तसं, बायो म्हटलं, लक्षात आलं ना?

बांध कसा वाचला ते ऐक. इंजिनिअर अठ्ठावीस मार्चपर्यंत रोज यायचा, आमच्याबरोबर बांधावर बसायचा, देवकीच्या डब्यातलं जेवायचा आणि डोकं धरायचा. अठ्ठावीस तारखेला त्याने बांध पावलांनी मोजला. लांबी बरोबर, उंची बरोबर, पाणी अडलेलं. मग हळूच म्हणाला, "मावशी, बंधारा तर झालेलाच आहे." दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराने काठावर सिमेंटचा एक खांब रोवला, त्यावर पाटी: खात्यातर्फे बंधारा पूर्ण, सन १९८६-८७. आम्हा सतराजणींना त्याच्यासमोर उभं करून फोटो काढला. जयराम मध्ये उभा राहिला.

बुलडोझर गेला. आमचा मातीचा बांध रातोरात सरकारी झाला आणि त्याला एक टोपली मातीचाही धक्का लागला नाही. मी इतकी हसले की देवकीने पाठीवर थापटलं. सरकार वाईट नसतं रे. त्याला फक्त एकतीस मार्च असतो.

तुझ्यावरचा राग अर्धा गेलाय. उरलेला तू इकडे येशील तेव्हा समोरासमोर काढेन.

पद्मा


साखळी
१८ जून १९८७

प्रिय पद्मा,

तीस मेला गोवा घटक राज्य झाला. साखळीत पेढे वाटले. मी राज्याचा निषेध म्हणून घरात बसलो होतो, पण पेढे घरी आले.

आठ जूनला मला नव्या राज्याची पहिली नोटीस आली. हसू नकोस. तुमच्या वाडीने रिवाजाप्रमाणे मेअखेर बांध फोडला. पण तो आता सरकारी आहे. पाहणीला आलेल्या वरच्या साहेबाला पाटी दिसली, बंधारा दिसला नाही. "शासकीय मालमत्तेची नासधूस." कुणी केली ते फाइलीत कुठेच नाही. वाडीतर्फे एकच नाव आहे, अर्जदाराचं. म्हणून मला विचारलंय: बांध कुणी फोडला, मुख्य कोण, आणि सोबत जबाबाचा छापील नमुना.

भाग्यलक्ष्मी म्हणाली, खरं ते लिहा, तुम्ही तिथे नव्हता. मी दोन दिवस तसंच लिहायला बसलो. पण मी नव्हतो म्हटलं की पुढचा प्रश्न, मग कोण होतं? आणि सतरा नोटिसा व्हाळवाडीला. पुढच्या दिवाळीनंतर त्या सतराजणींतली एकही व्हाळात उतरायला धजणार नाही. तुझं शेत पडीक पडेल.

तेव्हा मी भरून पाठवला. नक्कल अशी:

बांध कुणी फोडला? – मी.
कुणाच्या सांगण्यावरून? – माझ्या.
मुख्य कोण? – मी.
बांधाशी आपला संबंध काय? – तिथे माझी बहीण शेत करते.

माझ्या तत्त्वाप्रमाणे मुख्य कुणी नसतो, हे मला ठाऊक आहे. पण सरकारला एक लागतोच, तर तो साखळीतला एक म्हातारा असू दे. तारीख तीन जुलैची आहे, शुक्रवार, खात्याच्या पेडण्याच्या कचेरीत. पेन्शनीला धक्का लागेल असं माझे एक जुने सहकारी म्हणाले. मला भीती वाटते आहे, पद्मा. हे फक्त तुला सांगतो.

कृष्णनाथ

ता. क. खरंच घाबरलेत. पण जबाब पोस्टात टाकायला ह्या वेळी माझ्याकडे दिला नाही, स्वतः गेले. मी बरोबर येतेय. कुणाला विचारलेलं नाही.


व्हाळवाडी, पेडणे
२५ जून १९८७

तीर्थरूप दादास पद्मावतीचा नमस्कार.

तुझं पत्र मी बायकांना वाचून दाखवलं. पहिल्यांदा सगळ्याजणी तुझ्यावर रागावल्या. आम्हाला न विचारता तू पुन्हा आमच्या वतीने लिहिलंस, या वेळी तर आमचा मुख्यच होऊन बसलास. देवकी म्हणाली, "तुज्या भावान बांध फोडलो? ताका नारळ तरी फुटता?" पण सगळ्यांना कळलं होतं तू ते कशासाठी केलंस.

आमचं ठरलंय ते असं. तीन तारखेला आम्ही सतराजणी पहिल्या बसने पेडण्याला येतो. बाबलीही येतो म्हणतो. कचेरीत एकेकीने आत जायचं आणि सांगायचं, बांध मी फोडला, दरवर्षी आम्ही फोडतो, न फोडला तर घरं बुडतात, आणि दिवाळीनंतर परत घालणार. मुख्य कोण विचारलं तर प्रत्येकीने "मी" म्हणायचं. अठरा जबाब लिहून घ्यायला त्यांना कागद पुरले तर पुरले. तू मध्ये भाषण करायचं नाहीस.

नोटीस निघेल, दंड होईल, काय व्हायचं ते होईल. पण नोव्हेंबरात आम्ही व्हाळात उतरणार, एवढं पक्कं. त्यासाठी कुणाला मुख्य करावं लागत नाही आणि तुला बळी द्यावं तर मुळीच लागत नाही.

दादा, इथे लग्न होऊन आले त्याला एकतीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत माहेरचं कुणी माझ्यासाठी कुठल्या कचेरीत उभं राहिलं नाही. मीही कधी बोलावलं नाही, आपलं आपण निभावत गेले. तुझी ती नक्कल मी चुलीपाशी बसून वाचली आणि रडले, सांगायला मला लाज नाही. तू दिलेल्या चार उत्तरांपैकी तीन धादांत खोटी आहेत. ती कारकुनाला खोडायला सांगू. शेवटचं तेवढं ठेव.

तुझी
पद्मा